यात तू कुठे आहेस?

ताई प्रत्येक रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकायची. हातातलं काम बाजूला ठेवून, खुर्चीत ताठ बसून, परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखी. गाणं संपलं की मान डोलवायची, "छान आहे हो," म्हणायची, आणि मग तिचा ठरलेला प्रश्न यायचा.

"पण यात तू कुठे आहेस?"

तिचा धाकटा भाऊ बेस गिटार वाजवायचा. बेस म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याला सांगणं कठीण, आणि ज्याला माहीत आहे त्यालाही तो ऐकू येतोच असं नाही. चार जाड तारा आणि गाण्याच्या तळाशी चाललेला त्यांचा घुमारा. गाणाऱ्याचं नाव होतं, गिटारवाल्याच्या मागे पोरी लागतात, ड्रमवाला निदान घामाघूम झालेला दिसतो. बेसवाला कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांचा तोल सांभाळतो, आणि तो चुकला तरच लोकांना कळतं की अरे, तिथेही कुणीतरी होतं.

"हे काय, खाली चाललंय ना," तो हवेत बोट नाचवून दाखवायचा. "ढुम, ढु-ढुम, ढुम. तो मी."

ताई पुन्हा कान टवकारायची. "मला तर बाई त्या गाणारीचाच आवाज येतो," म्हणायची. "असेल तुझं ढुमढुम खाली कुठेतरी." तेव्हापासून त्याच्या धंद्याला घरात ढुमढुम म्हणू लागले आणि त्याला ढुम्या. बँडमधल्या पोरांनी ते नाव उचललं, पुढे स्टुडिओवाल्यांनीही. खऱ्या नावाने त्याला फक्त बँकेत हाक मारत.

आई लवकर गेली तेव्हा ढुम्याला ताईनेच वाढवलं. पहिली गिटार घरी आणली त्या दिवशी वडिलांनी घर डोक्यावर घेतलं, तर ताई मध्ये उभी राहून म्हणाली, "वाजवू दे त्याला. चोरी तर करत नाहीये." म्हणून की काय, साऱ्या जगाने आपल्याला ऐकावं अशी ढुम्याची कधीच इच्छा नव्हती. ताईने एकदा ऐकावं, गाणं चालू असताना बोट वर करून "हा बघ, हा तू" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. मागणं काही फार नव्हतं, पण साध्या मागण्यांनाच जास्त विघ्नं येतात.

चौघांचा बँड होता. गिटारवाला गायचा, आणि ढुम्या त्याच्यामागून दुसरा सूर लावायचा. एकदा ऐन रेकॉर्डिंगच्या दिवशी गिटारवाल्याचा घसा बसला आणि एक गाणं ढुम्याने गायलं. तेच गाजलं. एका हंगामात ते रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानातून ऐकू यायचं. पण रेकॉर्डच्या कव्हरवर गिटारवाला पुढे उभा होता, म्हणून लोकांनी तो आवाज परस्पर त्यालाच देऊन टाकला, आणि ढुम्याला भांडायची सवय नव्हती. ताईने मात्र पहिल्या ओळीलाच ओळखलं. "गातोस तेव्हा कळतं तू आहेस," म्हणाली. "मग गातच का नाहीस?"

बँड मोडायला कारण लागत नाही, टिकायला लागतं. तो मोडला, आणि ढुम्या भाड्याने मिळू लागला. सकाळी एका स्टुडिओत विरहगीत, दुपारी दुसऱ्या स्टुडिओत टूथपेस्ट. कागदावर सूर लिहून दिले की पहिल्या दमात वाजवायचा, नखरा नाही, कुरकूर नाही, चहासुद्धा मागायचा नाही. गायचंही काम मिळायचं, पण ते निराळंच. मोठ्या गायिका वेळेवर येत नाहीत, आणि वादकांना त्यांची वाट पाहत बसवून ठेवता येत नाही. म्हणून गाणं आधी कुणीतरी गाऊन ठेवायचं. त्याला कच्चा आवाज म्हणत. ढुम्याचा गळा सुरेल, स्वभाव गरीब, आणि तो आयता तिथेच उभा असे. त्याच्या कच्च्या आवाजावर सगळं रेकॉर्डिंग उभं राही, मग बाईसाहेब येऊन हेडफोनमध्ये तोच आवाज ऐकत गात, हरकतीही त्याच्याच घेत, आणि त्यांचं झालं की यंत्रावरचा माणूस एक बटण दाबून ढुम्याला पुसून टाकी. घर बांधून झालं की परांची काढतात, तसं.

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. धंद्याची रीतच ती. पण माणूस रोज पुसला गेला की त्याला पुसलेलं असण्याची सवय होते. लग्न राहून गेलं. घर म्हणावं अशी खोली कधी झालीच नाही. कुठल्या ना कुठल्या गायकाबरोबर गावोगाव हिंडायचं, हॉटेलच्या खोलीत सामान उघडायचंसुद्धा नाही, आणि संध्याकाळी कार्यक्रमाला जाण्याआधी ताईला फोन करायचा.

ताईची नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. डोक्याला हेडफोन, समोर भोकांची फळी, हातात वायरी. हिची वायर त्या भोकात, त्याची या भोकात, आणि दोन माणसं बोलू लागायची. आवाज ओळखण्यात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. नुसत्या खोकल्यावरून सांगायची की हा अमुक कारखान्याचा मॅनेजर, आणि आज घरी भांडून आलाय. ढुम्याने एकदा हॉटेलातून फोन केला, रिसीव्हर उशीवर ठेवला आणि नवीन बसवलेला एक तुकडा तिला वाजवून दाखवला. जीव ओतून वाजवला.

"आलं का ऐकू?"

"तुझा श्वास आला," ताई म्हणाली. "आणि बाहेर कुणीतरी बादली ठेवली ती. बाकी काही नाही रे."

टेलिफोनच्या तारेत खालचे सूर जातच नाहीत, हे त्याला फार उशिरा कुणीतरी सांगितलं. तोवर तो इतक्या हॉटेलांतून वाजवत राहिला होता. ताईनेही कधी "पुरे" म्हटलं नाही. काही ऐकू येत नसताना ती प्रत्येक वेळी शेवटपर्यंत फोन धरून बसायची.

मग सगळंच उताराला लागलं. ढुम्याच्या गळ्यात गाठ निघाली. ती साधी होती, पण कापून काढल्यावर गाणारा गळा तिच्याबरोबर गेला आणि बोलण्यापुरता खरखरीत आवाज मागे राहिला. स्टुडिओत बेस आता कीबोर्डवर निघू लागला. ताईचे यजमान, म्हणजे ढुम्याचे भावजी, गेले. पाठोपाठ ताईचे कान जाऊ लागले. जिने जन्मभर परक्यांचे खोकले ओळखले तिला आता दारावरची बेल येईना. दूधवाला वाट पाहून परत जायचा. तेव्हा ढुम्या आपली गिटार आणि स्पीकरची जुनी पेटी घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या ताईच्या घरी राहायला आला. मागची खोली त्याची. मधल्या भिंतीच्या पलीकडे ताईची.

रोज दिवेलागणीला तो पेटीला वायर जोडायचा आणि वाजवत बसायचा. जुन्याच गाण्यांचा बेस, गाण्यांशिवाय. कुणी गाणारं नाही, ड्रम नाही, नुसता तळ. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, हा माणूस कुणाची तरी वाट बघतोय. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे ताईला तोच घेऊन गेला. पण आत यायला तिने मनाई केली. "मी काय कुक्कुलं बाळ आहे का? बस बाहेर." तो बाहेर बसला. ताई परत आली ती दोन्ही कानांमागे एकेक इवलंसं मशीन बसवून. जिन्यावरच थबकली आणि म्हणाली, "माझ्या चपला एवढ्या वाजतात?"

पुढचे काही दिवस घरात मोठी मौज होती. पेपरचं पान उलटलं की ताई दचकायची. चमचा बशीवर ठेवला की "अगं बाई" म्हणायची. समोर नवी राहायला आलेली शेजारीण तोतरं बोलते हे तिला आत्ता कळलं. "कानामागून आलं आणि तिखट झालं," असं ती मशीनला म्हणायची आणि आपल्याच विनोदाला हसायची. ढुम्याने तो विनोद प्रत्येक वेळी नव्याने ऐकल्यासारखा ऐकला. त्याच्या मनात वेगळंच चाललं होतं. एक दिवस धीर करून त्याने एक जुनी रेकॉर्ड काढली. त्यातला बेस अगदी पुढे होता, बहिऱ्यालाही चुकणार नाही इतका. ताई खुर्चीत ताठ बसली. शेवटपर्यंत ऐकलं.

"किती स्पष्ट गाते रे ही. एकेक अक्षर कळलं."

"आणि मी?"

ताईने मान तिरपी केली, मनापासून प्रयत्न केला. "तू कुठे होतास यात?" ती म्हणाली. पालथ्या घड्यावर पाणी.

इथवर त्याला वाईट वाटायचं, पण सवयीचं. खरा घाव पुढे बसला. त्याच्या खोलीचं दार किलकिलं असलं की बोळातल्या कपाटाच्या आरशात ताईची खोली दिसायची. एका संध्याकाळी त्याने पेटीला वायर लावली, पहिली तार छेडली, आणि सहज आरशाकडे लक्ष गेलं. ताईने दोन्ही हात कानांकडे नेले. एक मशीन काढलं. दुसरं काढलं. दोन्ही डबीत ठेवून झाकण लावलं. मग ती आरशाच्या कडेबाहेर, पलंगाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम पाहिलं. तेच. तिसऱ्या दिवशी वायर न लावता खोलीत नुसत्या येरझाऱ्या घातल्या, खुर्ची सरकवली, खिडकी आपटली. मशीन कानातच. वायर लावून सूर काढला, आणि ताईचे हात कानांकडे गेले.

त्याने तिथेच जाऊन विचारलं असतं तर ही गोष्ट एवढ्यावरच संपली असती. पण भावंडं ती भावंडंच. दोघांनी जन्मभर एकमेकांचं सगळं केलं आणि एकमेकांना कधी काही विचारलं नाही. ढुम्या तारांवर हात ठेवून बसला. आता ऐकू येतं, तर ती ऐकणं बंद करते. चमचे चालतात, चपला चालतात, शेजारणीचं तोतरं बोलणं चालतं, पण मी चालत नाही. आजवर तो स्वतःला सांगत आला होता की तिला ऐकू येत नाही. नको आहे, ही शक्यता त्याने कधी धरलीच नव्हती. एवढ्या साऱ्या स्टुडिओंनी पुसलं तेव्हा जे झालं नाही ते त्या डबीच्या झाकणाने झालं. तो रडला. साठी उलटलेला माणूस, मांडीवर गिटार घेऊन, आवाज न करता रडला.

तेव्हापासून त्याने वायर लावणं सोडलं. पण रुसलोय असं दिसू नये, एवढा मान त्याने राखला. रोज त्याच वेळी दिवा लावायचा, गिटार घेऊन बसायचा आणि तशीच बोटं चालवायची. विजेवरच्या गिटारीला वायर नसली की तिचा आवाज मांडीपलीकडे जात नाही. असे मुके सराव त्याने हॉटेलांतून पुष्कळ केले होते.

एकदा ताई दारात येऊन उभी राहिली. कानात मशीन नव्हतं. त्याने मान वर केली नाही, पण तिच्या सपाता दिसत होत्या. बोटं चालूच ठेवली. ती त्याच्या बोटांकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग भिंतीचा आधार घेत परत गेली. बघून गेली, ढुम्याला वाटलं. कटकट गेल्याची खात्री करून गेली.

त्याच सुमारास बँडमधल्या ड्रमवाल्याचा फोन आला. प्रवाशांच्या एका मोठ्या जहाजावर बँड हवा होता. लोक जेवत असताना जुनी गाणी वाजवायची, वर्षभर समुद्रावर. "चल ढुम्या," ड्रमवाला म्हणाला. "इथे तरी तुझं काय अडलंय?"

ढुम्याने विचार केला तर खरंच काही अडलं नव्हतं. हो म्हणाला.

ताईला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं." एवढंच. मग थोड्या वेळाने, "गरम कपडे ने. समुद्रावर वारा असतो." त्याला आणखी पुरावा कशाला हवा होता? पण तिचं काहीतरी बिनसलं होतं, हे रुसव्यातूनसुद्धा त्याला दिसत होतं. चपलांचे, चमच्यांचे विनोद थांबले. मशीन घातलेलं असतानाही ती काही ऐकत नसल्यासारखी बसायची. कपाटातली भावजींची छत्री काढून उगाच पुसायची.

जहाजावर जायला दोन दिवस उरले असताना दुपारी फोन वाजला. कानाच्या दवाखान्यातून होता. "बाईंची तपासणी आज पाचला आहे, सोबत कुणीतरी यावं. परवा एकट्याच आल्या, फार रडत होत्या."

ढुम्या रिसीव्हर धरून उभाच राहिला. ताई तर दोरा आणायला म्हणून बाहेर पडली होती.

तो पोचला तेव्हा ती आत गेली होती. बाहेर तीच खुर्ची, तोच बंद दरवाजा. तपासणीसाठी मशीन काढावं लागतं, आणि मशीन नसलं की ताईला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, त्यामुळे ती खालच्या मजल्यावर कळेल इतक्या मोठ्याने बोलायची. डॉक्टरीणबाईंचे शब्द ती ओठांवरून वाचत असावी, बाहेर त्यांची नुसती कुजबुज येत होती. ताईचं सगळं येत होतं.

"तुमचा कागद काहीही म्हणू दे हो. मागच्याइतकंच आहे, खालचं अजून शाबूत आहे, असं यात लिहिलंय. वाचलं मी. पण मला माझं कळतं ना."

मग थोडी कुजबुज.

"नाही, मशीन घालून नाही. मशीन घातलं की सगळं जग येतं, तो तेवढा येत नाही. पत्र्याच्या डब्यात वाटाणे हलवावेत तसं काहीतरी येतं. म्हणून त्याच्या वाजवायच्या वेळेला मी ते काढून ठेवते आणि भिंतीला पाठ लावून बसते. तेव्हा यायचा. सगळा यायचा. अहो, जन्मभर मी त्याला विचारत आले, यात तू कुठे आहेस. त्याच्या तोंडावर विचारायचे, मूर्खासारखी. आणि कान गेले तेव्हा कुठे तो सापडला मला. गाणारी गेली, बाकीची वाद्यं गेली, सगळी गेली, आणि खाली हा एकटा वाजवत होता. किती सुंदर वाजवतो. कधीपासून वाजवत होता कुणास ठाऊक."

ढुम्याने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली.

"तुम्हीच म्हणाला होतात ना, बारीक आवाज आधी जातात, जाड शेवटी. ते गेले की मशीनलाही धरायला काही उरणार नाही. मग मी रोज तपासायची. तो आला की म्हणायची, चला, आजचा दिवस आहे. आता येत नाही. भिंतीला हात लावून बघितला. दारात जाऊन बघितलं, बोटं चाललीत तशीच. त्याची बोटं चाललीत आणि मला काही नाही. म्हणजे गेलंच की ते."

कुजबुज.

"छे, त्याला अजिबात सांगायचं नाही. तो जहाजावर चाललाय. कळलं तर राहील माझ्यासाठी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागेच उभा राहिलाय तो. आता माझ्यामागे नको."

ज्याने सारा जन्म खालच्या सुरांत घालवला त्याला एवढी गोष्ट सुचू नये, याला काय म्हणावं? ढुम्या उठला. ताई बाहेर यायच्या आत जिना उतरला, आणि रस्त्यावर आल्यावर चक्क धावला. त्याच्या गुडघ्यांना ते मुळीच आवडलं नाही.

ताई घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. तिने कोट खुंटीला लावला. पिशवीतून दोऱ्याचं रीळ काढून टेबलावर ठेवलं. खोटं बोलली तरी वस्तू घेऊनच यायची, तिचं काम चोख. मग खोलीत गेली. आरशात तिचे हात कानांकडे गेलेले दिसले. डबीचं झाकण लागलं. पलंग करकरला. काही येणार नाही हे ठाऊक असूनही ती भिंतीला पाठ लावून बसली होती.

ढुम्याने पेटी ओढून भिंतीला अगदी चिकटवली. वायर लावली. मग त्याने ते गाणं सुरू केलं, एकेकाळी त्याने गायलेलं आणि दुसऱ्याच्या नावावर गेलेलं. पहिला सूर त्याने लांबवला. खिडकीच्या काचा हलक्याशा थरथरल्या.

पलीकडे काही हललं नाही. तो वाजवत राहिला.

मग सपातांचा आवाज आला. ताई दारात होती. डोळे भरलेले, एक हात भिंतीवर. तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं, मग पेटीकडे, आणि मग तिची नजर त्या दोघांमधल्या काळ्या वायरीवर गेली आणि तिथेच थांबली. जिने उभी नोकरी वायरी जोडण्यात काढली तिला आणखी काही सांगायची गरज नव्हती.

"ढुम्या," ती म्हणाली. "मेल्या, इतके दिवस वायर लावली नव्हतीस?"

त्याने मान हलवली.

"का?"

बोलून उपयोग नव्हता. त्याने तिच्याकडे बोट केलं, मग दोन्ही हात आपल्या कानांकडे नेले, दोन मशीन काढल्यासारखी काढली, मुठीत ठेवली आणि झाकण लावलं.

ताईला समजायला एक क्षण लागला. मग ती मटकन त्याच्या खाटेवर बसली. "अरे, तुला ऐकायला काढत होते," म्हणाली, तिच्या त्या साऱ्या इमारतीला ऐकू जाणाऱ्या आवाजात. "लोकांच्या वायरी जोडत जन्म गेला माझा, आणि घरातली निघालेली दिसली नाही." ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली, आणि ढुम्याला दोन्हीपैकी कशात सामील व्हावं कळेना, म्हणून तो दोन्हीत झाला.

जहाजाचं म्हणाल तर ते वेळेवर सुटलं. ड्रमवाल्याने शिव्यांची लाखोली वाहिली, मग म्हणाला की असू दे, तुझ्याऐवजी कीबोर्डवाल्याचा डावा हात चालवून घेऊ. जेवणाऱ्यांपैकी कुणालाही काही फरक जाणवला नाही. ढुम्याला ते ऐकून थोडं लागलं, खोटं का बोला. पण ते पुढचं.

त्या संध्याकाळी ताईने डोळे पुसले, खुर्ची ओढून पेटीशेजारी बसली आणि तळहात पेटीवर ठेवला. "थांबलास का? पहिल्यापासून घे."

त्याने पहिल्यापासून घेतलं. दुसऱ्या फेरीला ताई गायला लागली. तेच गाणं, त्याचं गाणं, शब्द न शब्द पाठ. स्वतःचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, त्यामुळे तो सुराच्या आसपास कुठेही हिंडत होता. पण ढुम्याने आयुष्यभर दुसरं काय केलं होतं? गाणारा जाईल तिकडे त्याच्या खालून जायचं. ती घसरली की तोही घसरला, ती चढली की तोही चढला, आणि कुठेतरी मध्येच दोघं एका सुरावर आली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी काठी आपटली. ताईला ती ऐकू गेली नाही, आणि त्याने कानाडोळा केला.

शेवटच्या कडव्यात ती अडली. "पुढे काय रे?"

त्याने मान वर केली आणि आपल्या फाटक्या गळ्याने पुढची ओळ गायली. तिला त्यातलं अक्षर ऐकू येणार नव्हतं. ती त्याच्या ओठांकडे बघत, तळहात पेटीवर दाबून, त्याच्यामागून गात राहिली. पुसायला तिथे कुणी नव्हतं.